आकाश आणि कल्पना (लेखांक ६) : हस्तातला तांबडा सूर्य

मोसम खोऱ्यात हस्त म्हटलं की आधी पाऊस आठवतो. सप्टेंबरअखेर सूर्य या नक्षत्रात शिरला की नामपूरच्या शिवारात कांद्याचं रोप टाकलेल्यांचा जीव टांगणीला लागतो. गंमत अशी की हा ‘हत्ती’ बरसतो तेव्हा हस्ताचे तारे दिसतच नाहीत. सूर्याच्या उजेडात ते बुडालेले असतात. ते पाहायचे तर मेच्या मध्यावर, रात्री नऊच्या सुमारास, दक्षिणेला अर्ध्या आकाशात. आपल्याला तिथे पंजा दिसला, पाश्चात्त्यांना कावळा. २०१२ साली न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणाचे संचालक नील डिग्रास टायसन यांनी सुपरमॅनच्या क्रिप्टॉन ग्रहासाठी खराखुरा तारा शोधून दिला, तो याच कावळ्यातला : एलएचएस २५२०, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा तांबडा बटू तारा. तेव्हा सुपरमॅन हस्त नक्षत्राचा, असं म्हणायला हरकत नाही.

आता त्याची ताकद. १९३८च्या पहिल्या अंकात तिचा सूर्याशी काही संबंध नव्हता. पिवळ्या सूर्यामुळे बळ येतं ही जोड १९६०च्या आसपासची. ती हिशेबाला टिकत नाही. स्वच्छ दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट ऊन पडतं. सुपरमॅनच्या अंगावर एवढंच क्षेत्र धरलं, रोज सहा तास कडक ऊन दिलं आणि कणही वाया जात नाही असं मानलं, तर दिवसाला सहा युनिट वीज. एवढ्यात एक टनाची मोटार दहा मीटर उचलणं किरकोळ आहे, शंभरेक सेकंदांच्या उन्हाचं काम. पण शंभर किलोच्या देहाला पृथ्वीच्या ओढीतून कायमचं सुटायचं, तर सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग हवा, आणि त्यासाठी साधारण २९० दिवसांचं ऊन साठवावं लागेल. साडेनऊ महिने वाळवणासारखं पडून राहायचं आणि एकदा उडायचं! यावर चाहते म्हणतील, प्रश्न उन्हाच्या मापाचा नाही, रंगाचा आहे. तांबडा सूर्यच दुबळा. तोही दावा लंगडा आहे. बटू ताऱ्याचा पृष्ठभाग सुमारे ३,००० अंशांचा, आपल्या सूर्याचा ५,५०० अंशांचा, हे खरं. पण ग्रह ताऱ्याच्या पुरेसा जवळ असला की अंगणात पडणारी एकूण ऊर्जा तितकीच भरते. प्रॉक्सिमा सेंटॉरीचा एक ग्रह ११ दिवसांत प्रदक्षिणा घालतो, इतका तो ताऱ्याला खेटून आहे. शिवाय असे बटू तारे मधूनच जंबिया उपसल्यासारखे अतिनील आणि क्ष-किरणांचे भडके सोडतात. दुबळेपणा म्हणावा असं त्यात काही नाही.

मग टायसन यांनी तारा शोधला तो कशासाठी? ताकदीसाठी नव्हे, अंतरासाठी. त्यांनी दिलेलं अंतर २७.१ प्रकाशवर्षं, आणि कथेतला सुपरमॅनही साधारण त्याच वयाचा. क्रिप्टॉन फुटल्याचा उजेड त्याच्या तारुण्यात पृथ्वीवर पोचतो आणि जन्मग्रहाचा अंत तो तारांगणात उभा राहून बघतो. या सगळ्या चित्रकथेत मला खगोलशास्त्र दिसतं ते इथे. कुणी विचारेल, मग क्रिप्टॉन फुटताना तिथून निघालेलं तान्हं बाळ, म्हणजे सुपरमॅन, त्या उजेडाच्या आधी इथे आलंच कसं? रास्त शंका आहे. प्रकाशाच्या जवळपास वेगाने निघालं असतं तर बाळाचं वय फारसं वाढलं नसतं, पण पोचलं असतं उजेडाच्या मागून, आणि बघायला काही उरलं नसतं. कथेला अवकाशातली चोरवाट लागतेच. ती मान्य केली की बाकीचं घड्याळ बिनचूक चालतं. उन्हाच्या ताकदीचं तसं नाही, तिथे प्रत्येक पायरीला नवी सूट मागावी लागते.

हेच घड्याळ हस्ताच्या पंजातही आहे. त्याची बोटं एका अंतरावर नाहीत : अल्किबा सुमारे ४९ प्रकाशवर्षांवर, गिएना दीडशेच्या पुढे. मधला अल्गोराब जवळपास ८७ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे या उन्हाळ्यात नामपूरच्या गच्चीवरून दिसेल तो त्याचा उजेड तिथून निघाला, तेव्हा सुपरमॅनचे पहिले अंक नुकतेच छापले जात होते.