लुगड्याचा काठ आणि रंगभूमी

पुरुषाने स्त्री-भूमिका केली की बाईपण हे उपजत नसून शिकलेले असते, हे उघड होते, असे नाट्याभ्यासक सांगतात. ते मला मान्य आहे. पण कोणत्या बाईचे बाईपण, हा प्रश्न आपल्या नाट्यचर्चेत सहसा येत नाही.

'मानापमान' (1911) मधील भामिनी आणि 'स्वयंवर' (1916) मधील रुक्मिणी बालगंधर्वांनी उभ्या केल्या. त्यांचे नेसणे, त्यांचे गजरे पाहून पांढरपेशा घरांतील बायका तशा नटू लागल्या. पुरुषाने रचलेली बाई खऱ्या बाईचा आदर्श ठरली! तमाशाच्या बोर्डावर नाच्याही लुगडेच नेसत होता. पण एकाला 1964 साली पद्मभूषण मिळाले, आणि 'नाच्या' हा शब्द गावात शिवी म्हणून उरला.

संगीत नाटकात पुरुष नटले, कारण 'कुलीन' स्त्रीने रंगमंचावर येणे कमीपणाचे मानले जाई. हिवरगावच्या पवळाबाई पठ्ठे बापूरावांबरोबर तमाशात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या अब्रूची काळजी कोणाला वाटली? महार स्त्रीला जपण्याजोगी अब्रू असते, हेच मुळी या समाजव्यवस्थेला मान्य नव्हते. विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. मला त्या कौतुकाचीच भीती वाटते.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (1986) मी विद्यार्थ्यांना नाटकाच्या तासाला वाचायला सांगतो. महार बाईने लुगड्याचा काठ निऱ्यांत दडवायचा, तो दिसता कामा नये, असा दंडक त्यात येतो. म्हणजे नेसणे हीसुद्धा भूमिकाच. तिची संहिता गावाने लिहिलेली, आणि पडदा कधीच पडायचा नाही.

डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारे नेसणे आणि चांदी-कथलाचे दागिने टाकून द्यायला सांगितले. बायकांनी ते मनावर घेतले, तिथेच नेसणे बदलले. ही वरच्या जातींची नक्कल झाली, असा आक्षेप काही शहाणे घेतात. मग बालगंधर्वांचे पाहून नेसणाऱ्यांनी काय केले होते? त्यांना फार तर सासूचे चार शब्द ऐकावे लागले असतील. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी घेणाऱ्यांना सवर्णांनी झोडपले होते. महाडच्या बायका हे ठाऊक असूनही बदललेल्या लुगड्यानिशी आपापल्या गावच्या वाटेला लागल्या.