खुन्याने पाडलेली प्रकरणे : ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’

रहस्यकादंबरीचा प्रकरणशः अभ्यास करताना प्रकरण म्हणजे लेखकाने वाचकाच्या सोयीसाठी केलेले विभाजन, असे सहसा गृहीत धरले जाते. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत ते गृहीतक टिकत नाही. किंग्ज अ‍ॅबट या इंग्रजी खेड्यातील डॉ. शेपर्ड हा तिचा निवेदक आहे आणि अ‍ॅक्रॉइडचा खुनीही तोच आहे. तेविसाव्या प्रकरणात तो आपले हस्तलिखित गुप्तहेर प्वारोच्या हाती देतो. पुढेमागे ते छापता यावे म्हणून त्याची प्रकरणे आपणच पाडली, असेही तो सांगतो. त्या वेळी वीस प्रकरणे लिहून झालेली असतात. म्हणजे या संहितेचा पहिला प्रकरणशः वाचक प्वारो ठरतो. निवेदकाने स्वतःला फारच मागे ठेवले आहे, हा त्याचा अभिप्राय प्रथम वाचताना स्तुतीसारखा वाटतो.

अभ्यासकाने सर्वाधिक वेळ द्यावा तो चौथ्या प्रकरणाला. नऊला वीस मिनिटे असताना टपाल आत येते. नऊला दहा मिनिटे असताना डॉक्टर खोलीबाहेर पडतो. काही करावयाचे राहिले नाही ना, असा विचार करत तो दाराशी क्षणभर घुटमळतो. फाटकाशी पोहोचतो तेव्हा चर्चच्या घड्याळात नऊचे ठोके पडत असतात. यातील एकही विधान खोटे नाही. खून मात्र त्या दहा मिनिटांत, दोन वाक्यांच्या मधल्या जागेत झालेला आहे. शिवाय घरापासून फाटकापर्यंतची वाट पाच मिनिटांची आहे. उरलेल्या पाच मिनिटांचा हिशेब प्वारो अखेरीस मागतो. पुढील प्रकरणात प्रेत सापडल्यावर आपण आवश्यक तेवढे केले, असे निवेदक मोघमपणे नोंदवतो. ते ‘आवश्यक’ म्हणजे डिक्टाफोन लपविणे आणि खुर्ची जागेवर सारणे. येथे मराठी अनुवादकाची कसोटी लागते. अर्थ सुबोध करण्याच्या हेतूने त्याने क्रियापदाला एखादे निश्चित कर्म पुरविले, तर मौन पाळणारा निवेदक थेट असत्यवादी होईल आणि कादंबरीची नैतिक बैठकच ढासळेल.

सोळाव्या प्रकरणातील माहजाँगचा डाव आणि डॉक्टरच्या बहिणीच्या, कॅरोलाइनच्या, गावगप्पा अनेकदा विरंगुळा म्हणून ओलांडल्या जातात. तसे करणे योग्य नव्हे. सर्वांची बातमी ठेवणाऱ्या कॅरोलाइनला घरातलीच बातमी नसते, हा उपरोध तेथे हळूहळू साचत जातो.

ही वाचकाची फसवणूक आहे काय, हा वाद जुना आहे. गुप्तहेराच्या मित्राने मनातला कोणताही विचार वाचकापासून लपवू नये, असा नियम रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली सांगितला. त्या कसोटीवर शेपर्ड उघडच अनुत्तीर्ण होतो. परंतु नियम मोडला एवढे म्हणून भागत नाही. वाचकाला सर्व वेळा आणि सर्व वस्तू दिलेल्या आहेत; दिलेला नाही तो केवळ त्यांना जोडणारा हेतू. पियेर बायार यांनी १९९८ साली याच्याही पलीकडे जाऊन शेपर्डच्या कबुलीवरच संशय घेतला आणि कॅरोलाइनकडे बोट दाखविले. हा तर्क अतिरेकी वाटला तरी त्यामागचा प्रश्न रास्त आहे: वीस प्रकरणे शिताफीने लिहिणाऱ्याच्या सत्ताविसाव्या प्रकरणावर विश्वास का ठेवावा? त्या शेवटच्या प्रकरणात शेपर्ड चौथ्या प्रकरणातील आपल्याच वाक्यांकडे परत येतो आणि त्यांच्या बांधणीबद्दल स्वतःची पाठ थोपटतो.