कृत्रिम बुद्धिमत्ता व नगरप्रशासन
साठविलेल्या माहितीवरून अनुमान काढून निर्णय सुचविणारी संगणकीय प्रणाली नगरप्रशासनात वापरल्यास, चुकीच्या निर्णयाचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न उद्‌भवतो. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या ऊसशेतीच्या प्रयोगात (2024) उपग्रह, हवामान व मृदासंवेदक यांच्या माहितीवरून यंत्र सल्ला देते. तो मानणे न मानणे शेतकऱ्याच्या हाती असते. बारामती वा इंदापूर नगरपरिषदेने घरपट्टी अशा रीतीने आकारल्यास मात्र तो निर्णय नागरिकावर बंधनकारक होईल. नगरपरिषदांविषयीच्या 1965 च्या अधिनियमान्वये आकारणीवर हरकत घेता येते. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 (कलम 4) अन्वये बाधित व्यक्तीस प्रशासकीय निर्णयाची कारणे कळवावी लागतात. ‘यंत्राने ठरविले’ हे कारण नव्हे. म्हणून निकष नोंदविणे व अंतिम आदेश जबाबदार अधिकाऱ्याने स्वतः तपासून देणे अगत्याचे ठरते.