साथीच्या दिवसांतील मन : लेखांक सहावा – मेढ्याच्या माणसाने दाद कोठे मागावी?

या लेखमालेच्या मागील लेखांकात, साथीच्या काळात मनाची जी पडझड होते तिची लक्षणे आपण तपशिलाने पाहिली : उडालेली झोप, अन्नावरची वासना जाणे, कारणावाचून होणारी चिडचिड, घरच्या माणसांशी तुटलेले बोलणे, आणि ‘आता जगण्यात काही राम नाही’ हे पुनःपुन्हा ओठांवर येणारे वाक्य. लक्षणे कळली म्हणजे निम्मे काम झाले अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ती कळल्यानंतरच खरा पेच सुरू होतो, कारण ज्याच्या घरी असा माणूस आहे त्याने कोणाच्या दारात जाऊन उभे राहावे आणि तेथे काय सांगावे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु वेण्णेच्या काठी वसलेले मेढा, जे जावळी तालुक्याचे ठाणे असून जेथे तहसील कचेरी, पोलिस ठाणे, न्यायालय आणि ग्रामीण रुग्णालय अशी सरकारी अंमलाची सगळी अंगे हजर आहेत, तेथल्या माणसालाही मनोविकारतज्ज्ञाचे नाव काढले की पहिल्यांदा आठवतो तो सुमारे २५ किलोमीटरांवरचा सातारा. आणि केळघरच्या घाटाखालच्या किंवा बामणोलीकडच्या वाडीतल्या माणसाला तर मेढा हाच एक प्रवास असतो.

जावळीच्या मनावर कोरोनाचा आघात विशेष का झाला हे समजण्यासाठी या खोऱ्याची घडण ध्यानी घ्यावी लागते. डोंगरउताराची तुटपुंजी शेती आणि पावसाळ्यानंतर हाताला काम नाही, या दुहेरी अडचणीमुळे येथल्या कर्त्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरली. माथाडी म्हणून बाजारपेठांत पाठीवर ओझी वाहिली, आणि एक चूल गावी व एक चूल मुंबईत अशी संसाराची विभागणी अंगवळणी पाडून घेतली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीचा हुकूम निघाला आणि या दोन चुलींमधला रस्ताच बंद झाला. पुढे परवाने मिळवून, काही ठिकाणी पायी, मुंबईकर गावी पोचू लागले तेव्हा ज्या गावाने गणपतीला आणि जत्रेला त्यांची वाट पाहिली होती त्याच गावाच्या वेशीवर त्यांची नोंद झाली, आणि त्यांचा मुक्काम घरी न पडता जिल्हा परिषदेच्या शाळेत पडला.

त्या शाळेच्या खोलीत चौदा दिवस काढणाऱ्या माणसाची अवस्था जवळून पाहण्यासारखी होती. ज्या वर्गात तो लहानपणी बाराखडी शिकला त्याच वर्गात फरशीवर त्याची वळकटी; घरून आलेला डबा फाटकाशी ठेवून मागे सरणारी बायको; दहा हातांवरून ‘बरं हाय न्हवं?’ एवढेच विचारणारी म्हातारी आई. आणि रस्त्याने जाताना तोंड फिरवून पलीकडच्या कडेने जाणारा शेजारी. त्याला ताप नव्हता, खोकला नव्हता, म्हणून आरोग्य खात्याच्या दप्तरी त्याच्या नावापुढे ‘लक्षणे नाहीत’ अशी नोंद पडे. त्याची मुंबईतली मजुरी बुडाली होती, खोलीचे भाडे थकले होते, आणि आपण गावावर रोग आणला असे गाव समजते ही बोच त्याला रात्रभर जागवीत होती. या गोष्टींसाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

महाराष्ट्र सरकारने १३ मार्च २०२० रोजी जो साथरोग कायदा लागू केला तो १८९७ चा, म्हणजे प्लेगच्या धामधुमीत जन्मलेला. त्या प्लेगात गावेच्या गावे उठून माळावर झोपड्या घालून राहत. त्यात हाल अतोनात होते, मृत्यू तर पदोपदी होता. तथापि कुटुंब बहुधा एका झोपडीत आणि भावकी एका माळावर असे. कोरोनाच्या बंदोबस्ताने याच्या उलट केले : माणूस माणसापासून तोडला. साताऱ्यात या रोगाने दगावलेल्यांवर संगम माहुलीच्या कैलास स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले, पण पुष्कळ घरांना शेवटचे तोंडही पाहता आले नाही. दहावे-तेरावे चार माणसांत उरकले. आणि ज्या रडण्याला गाव खांदा देते ते रडणे घरातच कोंडून राहिले. अशा कोंडलेल्या शोकाला काही महिन्यांनी वेगळी रूपे फुटतात, आणि तेव्हा त्याचा संबंध त्या मृत्यूशी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा मदत कोणाला लागते, याचे तीन वर्ग करून त्यांचा विचार वेगवेगळा करणे इष्ट आहे. पहिला वर्ग वर वर्णिलेल्या, भयाने व शोकाने ग्रासलेल्या माणसांचा; हा सर्वांत मोठा. यांतल्या बहुसंख्यांना औषधाची गरज नसते, निवांतपणे ऐकून घेणाऱ्याची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साथीच्या पहिल्या वर्षात चिंता व नैराश्य यांचे जगातील प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. एवढ्या लोकांना तज्ज्ञ पुरे पडणे कोणत्याही देशात शक्य नव्हते.

दुसरा वर्ग पूर्वीपासून मनोविकाराचे औषध चालू असलेल्यांचा. २३ मार्च २०२० पासून एस. टी. थांबली, आणि जिल्ह्याबाहेरची वाहतूक पुन्हा सुरू होण्यास २० ऑगस्ट उजाडला. ज्याची गोळी पुण्याहून किंवा साताऱ्याहून महिन्याच्या महिन्याला येत होती त्याची गोळी खुंटली, आणि वर्षानुवर्षे शेतात राबणारा शांत मुलगा एकाएकी घराबाहेर पळू लागला. अशा घरांनी दोन गोष्टी जाणून असाव्यात. दूरध्वनीवरून किंवा चित्रसंवादाने रुग्ण तपासून औषध लिहून देण्यास २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी डॉक्टरांना रीतसर मुभा दिलेली आहे, आणि ‘ई-संजीवनी’ ही सरकारी सेवा त्याच तजविजीवर चालते. दुसरी गोष्ट साधीच आहे : औषधाची जुनी चिठ्ठी जपून ठेवावी, कारण नव्या डॉक्टराला तिच्याइतका विश्वसनीय दाखला दुसरा नसतो.

तिसरा वर्ग दारूच्या आहारी गेलेल्यांचा. जावळीच्या स्त्रियांनी मतपेटीतून आडवी बाटली करून आपल्या तालुक्यातील दारूची दुकाने बंद पाडली, हा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि तो या तालुक्याचा भूषणास्पद वारसा आहे. पण दुकान बंद होणे आणि व्यसन सुटणे या दोन गोष्टी एक नव्हेत. टाळेबंदीत राज्यभर दारू मिळेनाशी झाली तेव्हा रोज पिणाऱ्या कित्येकांची दारू एका दिवसात तुटली, आणि घरच्यांना वाटले, बरे झाले, सुटला एकदाचा. वस्तुस्थिती अशी की फार दिवसांच्या पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर पहिल्याच दिवशी हात कापू लागतात, दरदरून घाम फुटतो. एक-दोन दिवसांत फेफऱ्यासारखा झटका येऊ शकतो. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान तो अंगावरचे किडे झटकू लागतो, भिंतीवर माणसे पाहू लागतो, घरच्यांना ओळखेनासा होतो. याला ‘बाहेरचं झालंय’ असे म्हणून देवऋषीकडे नेणे किंवा खाटेला बांधून घालणे या दोन्ही गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. हा शरीराचा तातडीचा आजार आहे. यावर रुग्णालयात खात्रीचा इलाज आहे, आणि त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे हेच शहाणपणाचे.

या तिन्ही वर्गांसाठी जिल्ह्यात कोणी काही केलेच नाही असे नाही. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य या क्षेत्रांत काम करते, मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर तिच्याशी निगडित आहेत. टाळेबंदीच्या काळात या संस्थेने महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने ‘मनोबल’ नावाची दूरध्वनी-सेवा चालवली. तिचा कणा होता ‘मानसमित्र’ या कल्पनेचा. मानसमित्र हा डॉक्टर नसतो. भावनिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला तो एक सामान्य नागरिक असतो. तो ऐकतो, उपदेश करीत नाही, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे दिसले की माणसाला तज्ज्ञाकडे पोचवतो. अंगात येणे, करणी, भानामती यांची प्रकरणे हाताळताना त्यांमागे पुष्कळदा मनाचे दुखणेच असते हे ज्या चळवळीला अनुभवाने कळले होते, त्याच चळवळीने ही कल्पना उचलून धरावी, यात मोठी सुसंगती आहे.

आता प्रत्यक्ष वाट. मेढ्याच्या किंवा आसपासच्या वाडीतल्या घराने पहिल्यांदा गाठावी ती गावातली आशाताई. साथीत दारोदार फिरून ताप मोजणारी, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत प्रत्येक उंबऱ्याशी उभी राहिलेली ही बाई कोणत्या घरात काय चालले आहे हे तलाठ्याहून आणि ग्रामसेवकाहून अधिक जाणते. तिच्यामार्फत प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून मेढ्याचे ग्रामीण रुग्णालय, आणि गरज पडल्यास साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, अशी ही सरकारी वाट आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम याच वाटेने चालतो. दीर्घकाळ दाखल करण्याची वेळ आली तरच पुण्याच्या येरवड्याचे किंवा अन्य प्रादेशिक मनोरुग्णालय हा विषय निघतो. शंभरातील फार थोड्यांवर ती वेळ येते, आणि ‘येरवड्याला नेतील’ या धास्तीने पहिली पायरीच न चढणे हे अज्ञान होय.

मध्यरात्री, धो धो पावसात, आशाताई दूर आणि रस्ता बंद अशी वेळ आली तर दूरध्वनी हाच आधार. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६, तो अहोरात्र चालतो, त्याला पैसे पडत नाहीत, आणि आरंभीच भाषेची निवड करून मराठीत बोलता येते. पहिल्यांदा प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, आणि प्रकरण गंभीर असेल तर पुढे तज्ज्ञाकडे सोपवले जाते. फोन रुग्णानेच केला पाहिजे असे नाही. धास्तावलेल्या बायकोने, भावाने, शेजाऱ्यानेही करावा. घरातच मारहाण होत असेल तर स्त्रियांसाठी १८१, आणि जिवाला तत्काळ धोका असेल तर ११२.

जीव देण्याची भाषा करणाऱ्या माणसाबाबत एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, अशी भीती बाळगली जाते. ती निराधार आहे. उलट, कोणीतरी विचारले म्हणून कित्येकांचा बांध फुटतो आणि भार उतरतो. विचारावे, ऐकावे, त्याला एकटे सोडू नये, शेतीची औषधे आणि घरातल्या गोळ्यांचा साठा कुलपात टाकावा, आणि दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता वरीलपैकी एक दार ठोठवावे.

कायद्याची धास्ती हा आणखी एक अडसर. पोलिसांत प्रकरण जाईल, गुन्हा दाखल होईल, म्हणून आत्महत्येचा प्रयत्न लपवणारी घरे कमी नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने हा प्रश्न निकालात काढला : असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच कायदा गृहीत धरतो, आणि तिला उपचार व आधार पुरवणे हे सरकारचे कर्तव्य ठरवतो. त्याच अधिनियमाने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मज्जाव केला आहे. शिवाय, जिवाला धोका असेल तेव्हा रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, मग तो मनोविकारतज्ज्ञ नसला तरी, जास्तीत जास्त ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो, अशी मुभा त्यात आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की मेढ्याच्या रुग्णालयात रात्री जो डॉक्टर हजर असेल त्याच्याकडे जाण्यास कोणी संकोच करू नये. ‘हे आमचे काम नव्हे, साताऱ्याला न्या’ असे उत्तर मिळाले तर या तरतुदीची नम्रपणे आठवण करून द्यावी.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले होते की विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. हे सर्वेक्षण साथीच्या आधीचे आहे, म्हणजे ही उणीव कोरोनाने निर्माण केली नाही. त्याने ती उघडी पाडली. साथ येते तेव्हा नवी व्यवस्था उभारायला सवड नसते, असलेली व्यवस्था ज्याला आधीपासून ठाऊक आहे तोच तिचा उपयोग करू शकतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत, साथ अजून ओसरलेली नसतानाच, शेजारच्या पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळून कुटुंबेच्या कुटुंबे गाडली गेली. या सह्याद्रीच्या कुशीत संकटे एकेकटी येतात असे गृहीत धरून चालत नाही.

म्हणून या लेखांकाची समाप्ती एका विनंतीने करतो. जावळी तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर घरपट्टीच्या आणि पाणीपट्टीच्या सूचनांशेजारी चार ओळींची जागा सहज निघेल : आशाताईचे नाव, जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता, १०८, आणि १४४१६. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडावा, ठराव करून घ्यावा, आणि ठराव दप्तरात पडून न राहता फळ्यावर उतरेल हे पाहावे. याला खर्च खडूचा. पुढील लेखांकात, साथीत पोरक्या झालेल्या मुलांच्या मनाविषयी.