घरची खाट, सॅनेटोरियमची खाट

पाचगणीचे बेल-एअर, मिरजेजवळची वानलेसवाडी या क्षयाच्या सॅनेटोरियमांची नावे मराठी घरांत एकेकाळी हलक्या आवाजात घेतली जात. ‘हवापालटाला नेलंय’ एवढे म्हटले की ऐकणारा पुढचे विचारत नसे. मोकळी हवा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती आणि महिनोन्‌महिने आपल्या माणसांपासून दूर राहणे, हाच क्षयावरचा उपचार. तोही परवडेल त्यालाच. ही पद्धत मोडीत काढली ती मद्रासच्या एका संशोधन केंद्राने, निम्म्या रुग्णांना खाट न देता.

1952 मध्ये आयसोनियाझिड हे क्षयावरचे औषध हाती आले. स्ट्रेप्टोमायसिन आणि पास (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल) त्याआधीच आली होती. म्हणजे औषधे होती. पण देशात क्षयरुग्ण लाखांत आणि त्यांच्यासाठीच्या खाटा हजारांत. 1956 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासच्या चेटपट भागात केंद्र उभारले. केंद्राची धुरा डॉ. वॉलेस फॉक्स यांच्याकडे आली आणि पहिला प्रश्न ठरला: दाटीच्या वस्तीत, अपुऱ्या जेवणावर, रोजीरोटीच्या धावपळीत राहणारा रुग्ण घरी औषध घेऊन बरा होईल का?

शहरातले 193 गरीब रुग्ण निवडले गेले. कोण घरी राहील आणि कोण सॅनेटोरियममध्ये जाईल, हे डॉक्टरांनी ठरवायचे नाही, चिठ्ठीने ठरायचे. औषधे दोन्ही गटांना तीच, वर्षभर: आयसोनियाझिड आणि पास. पास हे औषध रोज काही ग्रॅम गिळावे लागे आणि ते पोट बिघडवी. घरी ते कोण नेमाने घेईल, ही शंका रास्तच होती. म्हणून आरोग्यसेविका न कळवता घरी जात, उरलेल्या पुड्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पाहत. या अभ्यासाचे खरे श्रेय मला या दारोदार हिंडणाऱ्या बायकांना द्यावेसे वाटते. त्यांच्याविना निष्कर्षांवर विश्वास ठेवायला आधारच नव्हता.

1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाअखेरीस सॅनेटोरियममधल्या 92 टक्के रुग्णांचा आजार शमला होता आणि घरच्या 86 टक्के रुग्णांचा. पाच वर्षांनी हा फरकही जवळजवळ मिटला. मुख्य भीती होती ती घरातल्या लेकराबाळांची. रुग्ण घरातच राहिला म्हणून कुटुंबीयांना आजार जास्त झाला, असे आढळले नाही. त्यांना जो संसर्ग व्हायचा, तो बहुतेक निदानाआधीच्या महिन्यांत झालेला असे; औषध सुरू झाल्यावर रुग्णाकडून होणारा प्रसार झपाट्याने घटे. कुटुंबीयांच्या पाच वर्षांच्या पाहणीचा 1966 चा अहवाल लिहिणाऱ्यांत डॉ. एस. आर. कामत होते. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी शहराच्या प्रदूषित हवेचा आणि फुफ्फुसांचा संबंध अभ्यासला.

जगभर सॅनेटोरियमे ओस पडू लागली, त्यामागे या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. आठवड्यातून दोनदा कोणाच्या तरी नजरेसमोर औषध देण्याची पद्धतही याच केंद्राने साठच्या दशकात तपासून पाहिली. पुढे ‘डॉट्स’ म्हणून घरोघर पोचलेल्या कार्यक्रमाची पाळेमुळे तिथे आहेत.

मात्र एका निष्कर्षाचा अर्थ, माझ्या मते, चुकीचा लावला गेला. सॅनेटोरियममधले जेवण कितीतरी सकस होते आणि तिथल्या रुग्णांची वजने बरीच जास्त वाढली. तरी थुंकीतले जंतू नाहीसे होण्यात आहाराने मोठा फरक पडला नाही. बस, औषध पुरेसे आहे, असे धोरणकर्ते धरून चालले. जंतू जाणे म्हणजे माणूस सावरणे नव्हे, आणि घरातल्या बाकीच्यांच्या ताटात काय आहे, हा प्रश्न तर बाजूलाच राहिला.

त्याचे उत्तर 2023 मध्ये आले. ‘रेशन्स’ नावाच्या अभ्यासातून. त्यात चेटपटच्याच संस्थेचा, म्हणजे आताच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेचा सहभाग होता. झारखंडमधले 2,800 रुग्ण आणि त्यांच्या घरचे 10,345 जण. शिधा सगळ्याच रुग्णांना मिळाला. निम्म्या घरांत मात्र कुटुंबीयांनाही, दरमहा माणशी 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. त्या घरांत नव्याने होणारा क्षय सुमारे 39 टक्क्यांनी घटला आणि संसर्गजन्य फुफ्फुसाचा क्षय जवळजवळ निम्म्यावर आला. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढलेल्या रुग्णांत मृत्यूही कमी होते.

सरकारच्या निक्षय पोषण योजनेत रुग्णाला दरमहा मिळणारे 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. कुटुंबीयांच्या शिध्यासाठी मात्र ‘निक्षय मित्र’ म्हणून पुढे येणाऱ्या दात्यांवरच भिस्त आहे. औषध सरकारी दवाखान्यात हक्काने मिळते. डाळ-तांदळालाही तोच दर्जा हवा. तोवर व्यक्ती, कारखाना, सोसायटी, गणेश मंडळ असे कोणीही निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवू शकते आणि एका घराच्या सहा महिन्यांच्या शिध्याचा भार उचलू शकते.