एक मार्ग, अनेक रेषा

म्हैसूरहून टी. नरसीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वरुणा हे गाव आहे. नकाशात असा रस्ता दोन काळ्या काठांमधील पांढऱ्या पट्ट्याने दर्शविण्याचा प्रघात आहे. पाहणाऱ्यास दोन रेषा दिसतात. भूमीवर मात्र रस्ता एकच असतो. संगणकावरील रेखाटनातही हे एकत्व राखले जाणे अगत्याचे आहे.

सदिश रेखाटनात आकृती म्हणजे बिंदूंनी निश्चित केलेला मार्ग. जाडी, रंग व तुटकपणा हे त्यावर चढविलेले गुण होत. जाडी मार्गाच्या दोन्ही अंगांस समान विभागली जाते. म्हणून एकाच मार्गावर खाली ६ पॉइंटांची काळी आणि वर ४ पॉइंटांची पांढरी रेषा दिली असता प्रत्येक बाजूस १ पॉइंटाचा काठ उरतो. त्यावर बारीक तुटक रेषा दिली की रस्त्याची मध्यरेषाही सिद्ध होते.

हेच काम मार्गाच्या दोन स्वतंत्र प्रती करूनही साधते. परंतु पुढे वळण दुरुस्त करताना एक प्रत सरकते, दुसरी जागीच राहते आणि रस्ता दुभंगतो. अडोबी इलस्ट्रेटरमध्ये २००० सालच्या नवव्या आवृत्तीपासून एकाच आकृतीवर अनेक रेषा रचता येतात. इंकस्केप ज्या एसव्हीजी पद्धतीवर आधारलेले आहे, तीत सामान्यतः एका आकृतीस एकच रेषा मिळते. तेथे मूळ मार्गाची रेषा अनिश्चित ठेवून त्याचे संलग्न प्रतिरूप, म्हणजे क्लोन, करावे व प्रत्येक क्लोनास वेगळी रेषा द्यावी. मूळ मार्ग बदलताच सर्व क्लोन त्याच्यामागे जातात.

खरी कसोटी लागते ती गावातील वाट हमरस्त्यास मिळते तेथे. प्रत्येक रस्ता काठांसह स्वतंत्रपणे पूर्ण केला, तर वरच्या रस्त्याचा काळा काठ खालच्या वाटेचे तोंड बंद करतो. वाट असूनही नकाशा ती नाकारतो. यास्तव सर्व रस्त्यांचे काळे थर आधी व पांढरे थर नंतर यावयास हवेत. इलस्ट्रेटरमध्ये या रेषा सुट्या मार्गांना न देता त्यांच्या समूहास दिल्याने हा क्रम साधतो; क्यूजीआयएस या नकाशा-प्रणालीत चिन्हांच्या पातळ्या ठरवून तो साधता येतो. मग वाट हमरस्त्यास मोकळेपणी मिळते, आणि अनोळखी प्रवाशालाही गावात वळावे कोठे हे नकाशावरून कळते.