काचेच्या घरातील शेजार



या व्याख्यानमालेत तत्त्वज्ञान, अर्थकारण, इतिहास असे थोर विषय मांडले जातात. त्यांच्या पंगतीला आज मी घरातल्या माशांच्या टाकीचा विषय घेऊन बसलो आहे. विषय लहान खरा. पण तो निवडण्यास कारण घडली ती माझ्याच हातून झालेली एक चूक. प्रथम ती कबूल करतो आणि मग शास्त्राकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी नातीच्या वाढदिवसाला मी तीन फूट लांबीची काचेची टाकी आणली आणि तिच्यात बारा निऑन टेट्रा सोडले. हा मासा जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा; अंगावर झळाळती निळी रेघ, शेपटीकडे तांबडा रंग. शोभेसाठी दोन एंजल मासेही घेतले. तेव्हा ते रुपयाच्या नाण्याएवढे होते आणि चौदाही जण सुखाने नांदत होते. सात-आठ महिन्यांनी नातीने मोजले, तर निऑन नऊच भरले. पुढल्या आठवड्यात सात. टाकीत मेलेला मासा एकही सापडेना. ‘‘आजोबा, मासे जातात कुठे?’’ या तिच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. एके दिवशी पहाटे दिवा लावला आणि उत्तर समोर दिसले. एंजलच्या तोंडातून एक तांबडी शेपटी बाहेर आलेली होती.

यात एंजलचा अपराध कोणता? दोन्ही मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. तेथे एंजल वाढला की लहान मासे खातो. तो त्याचा नित्याचा आहार आहे. पण नदीत लहान माशाला पळायला मैलोगणती पाणी असते, लपायला बुडालेली मुळे आणि पालापाचोळा असतो. माझ्या टाकीत चार भिंती होत्या, आणि दोघांना एकत्र कोंडणारा मी होतो. नदीत कोणी कोणाशेजारी राहावे हे मासे स्वतः ठरवतात. टाकीत ते आपण ठरवतो. म्हणून शेजार निवडण्याची जबाबदारीही सर्वस्वी आपलीच. आजच्या व्याख्यानाचा मुद्दा तो एवढाच.

घरगुती टाकीचा इतिहासही हेच सांगतो. १८५० साली लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने पाण्यात गोल्डफिश ठेवले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासे जगतील, अशी त्याची अटकळ. परंतु झाले असे, की वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने टाकीत गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली, पाणी निवळले, आणि गोगलगायींची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली. म्हणजे टाकी टिकली ती योग्य सोबती मिळाल्यावर.

मग योग्य सोबती ओळखावा कसा? दुकानात रंगाकडे पाहण्याआधी स्वतःला पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न पाण्याचा. सह्याद्रीतल्या धरणांतून नळाला येणारे पाणी बहुधा सुफेन असते. विंधणविहिरीचे पाणी पुष्कळदा दुष्फेन असते. दुष्फेन पाण्याची ओळख आपल्या गृहिणींना सांगायला नको: त्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ लवकर शिजत नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना असे क्षारयुक्त पाणी मानवते. निऑनला सुफेन आणि किंचित आम्ल पाणी हवे. तीच गोष्ट उष्णतेची. उष्ण प्रदेशातील बहुतेक शोभेच्या माशांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तपमान रुचते, तर गोल्डफिशला त्याहून थंड पाणी लागते. शिवाय गोल्डफिश खातो फार आणि घाणही फार करतो. तेव्हा टाकीत पहिला म्हणून हमखास येणारा हा मासा इतरांच्या सोबतीला मात्र अयोग्यच.

दुसरा प्रश्न तोंडाचा. माशाच्या तोंडात जे मावते ते त्याचे अन्न, हा नियम लक्षात ठेवावा. आणि तोंड मोजायचे ते आजचे नव्हे, पूर्ण वाढ झाल्यावरचे. दुकानात दिसतात ती बहुतेक पिले असतात. एंजल सुमारे १५ सेंटिमीटर वाढतो, ऑस्कर ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. काचेला चिकटून शेवाळ खाणारा बोटभर ‘सकर’ तर फुटाहूनही मोठा होतो. जावयाची चौकशी करताना आपण तो पुढे काय होणार हे पाहतो; माशाच्या बाबतीत एवढेही पाहत नाही!

तिसरा प्रश्न स्वभावाचा, आणि त्याबरोबरच संख्येचा. सुमात्रा-बोर्निओकडचा टायगर बार्ब दुसऱ्यांच्या लांब परांचे लचके तोडतो. म्हणून लांब शेपटीचा गप्पी किंवा संथ फायटर त्याच्या शेजारी ठेवू नये. पण गंमत अशी, की हाच टायगर बार्ब आठ-दहांच्या थव्यात ठेवला तर त्याची बरीचशी भांडणे भाऊबंदकीतच मिटतात आणि परक्यांना त्रास कमी होतो. दोन-तीनच ठेवले, तर साऱ्या टाकीला उपद्रव. निऑन, झेब्रा, कोरीडोरस यांनाही निदान सहांचा थवा हवा. एकटा पडला की मासा भेदरतो, कोपरा धरतो, खाणे टाकतो. ‘एक जोडी द्या’ ही आपली मागणी अशा माशांना अन्यायाची आहे. फायटरचे उलट. त्याच्या दोन नरांना एका टाकीत ठेवणे म्हणजे कुस्तीचा आखाडा मांडणे, आणि त्यात पडणारा मल्ल पुन्हा उठत नाही.

चौथा प्रश्न मजल्याचा. टाकी ही आपल्या चाळीसारखी आहे. तिच्यातही मजले असतात. झेब्रा बराचसा वरच्या मजल्यावर धावपळ करतो, टेट्रा मधल्या पाण्यात असतात, कोरीडोरस तळाची वाळू मिशांनी चाचपत हिंडतो. सगळे एकाच मजल्यावरचे घेतले, तर दाटी आणि धक्काबुक्की. तळच्या माशाबद्दल एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. तो उष्ट्यावर जगणारा झाडूवाला नव्हे. त्याला त्याचे खाद्य तळापर्यंत पोचेल असे वेगळे द्यावे लागते, आणि मिशा झिजू नयेत म्हणून वाळू बारीक, गुळगुळीत लागते.

पाचवा प्रश्न संसाराचा. एंजलची जोडी अंडी घालते आणि त्यांची राखण करते. त्या दिवसांत ती टाकीचा एक भाग बळकावून इतरांना पिटाळते. काल शांत असलेला मासा आज दांडगा होतो. गप्पींचे नर माद्यांच्या सतत पाठीस लागतात. म्हणून एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात. आणि गप्पी, प्लॅटी थेट जिवंत पिलांना जन्म देतात, तेव्हा कुटुंबविस्ताराचा विचार आधीच केलेला बरा.

आता उदाहरण घेऊ. टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच असेल, तर तिच्यात सुमारे १२७ लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता ११० धरू. पाणी सुफेन असल्यास दहा निऑन, सहा कोरीडोरस, आणि छोट्या गुरामीचा एक नर व दोन माद्या असा शेजार जमतो. ही गुरामी गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मैदानातली, म्हणजे आपल्याच देशातली. पाणी दुष्फेन असल्यास आठ झेब्रा, आणि दोन नर व चार माद्या असे प्लॅटी ठेवावेत. झेब्राही इकडचाच, फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली आपल्या गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालते.

शेजार ठरला तरी बिऱ्हाडे एकाच दिवशी आणू नयेत. माशांच्या मलमूत्रापासून अमोनिया होतो आणि तो त्यांना विषारी असतो. काही सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळ सौम्य असे नायट्रेट करतात. पण गाळणीत आणि वाळूत हे जंतू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. ‘पाणी भरले, मासे सोडले, चार दिवसांत मेले’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते. तेव्हा मासे थोडे थोडे आणावेत, आधी भित्रे आणि शेवटी दांडगे. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून निरोगी असल्याची खात्री करून घ्यावी.

आणि इतके करूनही शेजार जमला नाही तर? वेगळी टाकी करावी, दुकानदाराला परत करावा, ओळखीच्या हौशी माणसाला द्यावा. पण नदीत किंवा तळ्यात मासा कधीही सोडू नये. पुष्कळांना ते पुण्यकर्म वाटते. परंतु मघाचा तो सकर, असाच कोणीकोणी सोडलेला, आज कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेशात आणि केरळातही पसरला आहे आणि तिथल्या मूळच्या माशांच्या अन्नावर व जागेवर हक्क सांगतो आहे. आपल्या टाकीतला बेबनाव नदीच्या गळ्यात बांधल्याने मिटत नाही, तो वाढतो.

माझ्या घरी आता दोन टाक्या आहेत. एंजल एकीत आहेत. उरलेल्या सहा निऑनना आणखी सहा सोबती मिळाले आहेत. नात दर रविवारी त्यांची मोजदाद करते. गेल्या रविवारी मी विचारले, ‘‘किती भरले?’’ ती म्हणाली, ‘‘बारा. आणि आजोबा, पुढचा मासा आणायच्या आधी मला विचारा.’’